चारही चाकं फिरतात, पण गाडी हलत नाही!

कॉलेजच्या पार्किंगमध्ये एखादी फोर बाय फोर येऊन उभी राहिली की तिच्याभोवती कोंडाळं जमतंच. पॉवर किती, टायर केवढे, चर्चा रंगते. डिफरेन्शियल कोणतं आहे, हे मात्र कुणी विचारत नाही. अगदी मेकॅनिकलची पोरंसुद्धा! माझ्या मते खरी गंमत आणि खरी फसगत तिथेच आहे.

आता बघा, वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त अंतर कापावं लागतं, म्हणून डिफरेन्शियल हवंच. पण साधं, म्हणजे ओपन डिफरेन्शियल दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क देतं. एक चाक चिखलात असेल तर ते फिरवायला फारसा टॉर्क लागतच नाही. मग पकड असलेल्या चाकाच्या वाट्यालाही तेवढाच येतो. पेपरात हे आपण चार मार्कांसाठी लिहून येतो. प्रत्यक्षात पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक अधांतरी लटकलं, की लाखोंची गाडी जागच्या जागी गुरगुरत बसते! यावर उपाय दोन. एक, डिफरेन्शियल लॉक करणं. दुसरा, फुकट फिरणाऱ्या चाकाला इलेक्ट्रॉनिक्सने ब्रेक लावणं. २०२० साली आलेल्या थारच्या काही मॉडेल्समध्ये मागे मेकॅनिकल लॉक होतं, तर २०२३ च्या जिमनीने ब्रेकचा मार्ग धरला.

बरं, लॉक असलं म्हणजे झालं का? नाही राव! वाळूत टायरची हवा कमी केली तर रबर लांबवर टेकतं आणि पकड वाढते. नुसता ॲक्सिलरेटर दाबला तर चाकं खड्डा खणतात, गाडीचं पोट टेकतं आणि चाकांवर वजनच उरत नाही. शिवाय फोर बाय फोर चढायला मदत करते, थांबायला नाही. ब्रेक काय, मारुती ८०० लाही चारही चाकांना होते!

पण माझा खरा आक्षेप वेगळाच आहे. 'गाडी जाते ना, मग घाला' ही वृत्ती. डिसेंबर २०२३ मध्ये लाहौल-स्पितीत एकाने ट्रॅफिक चुकवायला थार थेट चंद्रा नदीत घातली. पोलिसांनी चलान फाडलं. आपल्याकडेही किनाऱ्यावर गाड्या रुततात, भरती येते, मग गावातल्या ट्रॅक्टरची शोधाशोध. आणि वेळाससारख्या ज्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, तिथे टायरखाली काय चिरडतंय हे दिसतही नाही. कोकणातल्या सड्यावर मातीचा थर जेमतेम असतो. एका पावसाळ्यात उमटलेल्या चाकोरीतून पाणी वाहतं, तिचा ओघळ होतो, माती जाते ती जातेच. शेताचा बांध फुटला तर भरपाई कोण देणार?

ऑफ-रोडिंग बंद करा, असं मी म्हणत नाही. चिखलात उतरल्याशिवाय सस्पेन्शन आणि ग्राउंड क्लिअरन्स डोक्यात शिरत नाही, हेही खरंच. फक्त मळलेली वाट सोडू नका, जमीन ज्याची आहे त्याला आधी विचारा, सोबत फावडं, दोर आणि दुसरी गाडी असू द्या. गाडी कुठवर जाऊ शकते, हे डिझायनर ठरवतो. ती कुठे जाऊ नये, हे आपल्यालाच ठरवायला हवं. त्यासाठी कुठलंही लॉक बाजारात मिळत नाही!