देवळालीचा ताप

इंग्रजीत डोके फिरलेल्याला थट्टेने ‘डूलॅली’ म्हणतात. हा शब्द नाशिकजवळच्या देवळालीचा. १८६१ मध्ये तेथे ब्रिटिश फौजेची छावणी उभी राहिली. नोकरीची मुदत संपलेले गोरे शिपाई मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत तेथे थांबत. जहाजे साधारणतः नोव्हेंबर ते मार्च याच काळात सुटत; ती हुकली की शत्रू नाही, काम नाही, केवळ उन्हाळा आणि प्रतीक्षा. काहींचे चित्त ढळे. सोबत्यांनी त्याला नाव दिले ‘डूलॅली टॅप’. त्यातला ‘टॅप’ म्हणजे आपला तापच. आजार थट्टेत गेला आणि थट्टा शब्दकोशात.

लढाईविनाही शिपाई मोडतो, हे त्या शब्दाने नोंदवून ठेवले. अमेरिकी लष्कराच्या २००४ ते २००९ या काळातील नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा युद्धावर कधीच न गेलेल्या शिपायांत आत्महत्येच्या प्रयत्नाचा धोका नोकरीच्या दुसऱ्या महिन्यात सर्वाधिक आढळला. म्हणजे ऐन प्रशिक्षणात.

सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोला-मंगळवेढ्याच्या दुष्काळी पट्ट्यात भरतीसाठी पहाटे धावणाऱ्या मुलाच्या पाठीवर कोरडवाहू जमीन, बहिणीचे लग्न आणि अकादमीची फी असते. निवड झाली की चौकात अभिनंदनाचा फलक लागतो. त्या फलकाखाली परत येऊन ‘मला झोप लागत नाही’ असे सांगणार कोण? त्यातच २०२२ च्या अग्निपथ योजनेने चार वर्षांची मुदत घातली. योजनेनुसार कायम होणार फार तर २५ टक्के. देवळालीचा शिपाई मुदत संपल्यावर झुरे, अग्निवीराची प्रतीक्षा पहिल्याच दिवशी सुरू होते.

ऑक्टोबर २०२३ मध्ये एका अग्निवीराच्या मृत्यूनंतर लष्कराने स्पष्ट केले की, आत्महत्या केलेल्या जवानास १९६७ च्या आदेशानुसार लष्करी अंत्यसंस्कार मिळत नाहीत. २००१ पासून असे मृत्यू दरवर्षी सरासरी १०० ते १४० झाल्याचेही त्याच निवेदनात होते. रणात पडलेल्याचा मान वेगळा राखावा, हा युक्तिवाद पोकळ नाही. मात्र वेगळा मान आणि मानच नाही, यांत अंतर आहे. मेलेल्याला तो आदेश कळत नाही. बराकीतल्या जिवंत मुलाला कळतो. आपले दुखणे म्हणजे कलंक, एवढेच तो त्यातून शिकतो आणि गप्प बसतो.

त्याच वर्षी १ डिसेंबरला पुण्याच्या सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालयात जवानांसाठी टेलि-मानसचा स्वतंत्र कक्ष सुरू झाला. (सर्व नागरिकांसाठी टेलि-मानसचा क्रमांक १४४१६.) पाऊल योग्यच. पण फोन उचलणाऱ्या हाताला १९६७ चा तो कागद अजून आडवा येतो. तो लष्कराचाच आदेश आहे.