तुमचं डोकं नाही, व्हर्जन वेगळं आहे!

यूट्यूबवरचा व्हिडिओ तुम्ही तीनदा बघितलाय. त्यातला दादा टाईप करतो तस्संच टाईप केलंय. त्याच्याकडे उत्तर येतं, तुमच्याकडे लाल अक्षरांची रांग. मग तुम्ही कंस तपासता, स्वल्पविराम तपासता, सगळा कोड पुसून पुन्हा लिहिता. रात्री दीडला लॅपटॉप मिटताना मनात एकच वाक्य असतं, 'आपल्याला कोडिंग जमत नाही.'

थांबा. हे वाक्य मनात पक्कं व्हायच्या आधी एक गोष्ट बघा. व्हिडिओतल्या दादाच्या मशीनवर भाषेची कोणती आवृत्ती आहे आणि तुमच्या मशीनवर कोणती?

पलूस, कुंडल, भिलवडी, रामानंदनगर या पट्ट्यातली कितीतरी मुलं-मुली आज बीसीए, बीएस्सी कॉम्प्युटर किंवा सांगली-इस्लामपूरला इंजिनीअरिंग करतायत. मी स्वतः पत्रकारिता शिकते, त्यामुळे कोडिंगवर शिकवणी घ्यायचा माझा इरादा नाही. पण या मित्रमैत्रिणींकडून एक तक्रार सतत ऐकू येते: 'एरर येतोय आणि का येतोय कळत नाही.' थोडं खणलं की बऱ्याचदा निघतं हेच. कोड एका आवृत्तीसाठी लिहिलेला असतो आणि मशीनवर दुसरीच असते. माझं म्हणणं सरळ आहे. कॉलेजात भाषा शिकवतात, पण एकाच मशीनवर तिच्या दोन आवृत्त्या कशा नांदवायच्या ते शिकवत नाहीत. आणि याची किंमत मार्कांपेक्षा जास्त मुलांच्या आत्मविश्वासाला मोजावी लागते.

निळ्या स्क्रीनचं सी++

ज्यांनी राज्य बोर्डातून अकरावी-बारावीला कॉम्प्युटर सायन्स घेतलं, त्यांना टर्बो सी++ ची ती निळी स्क्रीन विसरता येणार नाही. बोर्लंड कंपनीचं हे सॉफ्टवेअर १९९० च्या दशकाच्या सुरुवातीचं. सी++ भाषेचं पहिलं आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरलं १९९८ साली. म्हणजे आपण जी भाषा 'सी++' म्हणून शिकलो, ती तिचे नियम पक्के होण्याच्या आधीची होती. तिथे पहिल्या ओळीत 'आयोस्ट्रीम डॉट एच' चालायचं, 'व्हॉइड मेन' चालायचं, स्क्रीन पुसायला 'कोनिओ' चालायचं. तोच प्रोग्रॅम आजच्या कंपायलरला द्या. तो पहिल्याच ओळीला म्हणेल, अशी फाईलच नाही. पहिल्या वर्षाला आलेल्या मुलाला वाटतं, बारावीला शिकलेलं सगळं वाया गेलं. तसं काही नसतं. लूप तोच, क्लास तोच, लॉजिक तेच. बदललंय ते वरचं वेष्टन.

यात एक गंमत आहे. ६४ बिटच्या विंडोजवर टर्बो सी++ थेट चालत नाही, कारण ते १६ बिटच्या डॉस जमान्यातलं आहे. म्हणून लॅबमध्ये ते डॉसबॉक्समध्ये घालून देतात. डॉसबॉक्स म्हणजे नव्या कॉम्प्युटरच्या आत वसवलेला जुना कॉम्प्युटर. आत डॉसचा जमाना, बाहेर आजचं विंडोज, आणि दोघांची भांडणं नाहीत. जुन्या-नव्याला वेगळ्या खोल्या देण्याची युक्ती तुम्ही बारावीतच वापरलीये. फक्त ती युक्ती आहे, हे कुणी सांगितलं नाही.

साडेचारशेचे शून्य टक्के

आता पायथनकडे या, कारण आजचे बहुतेक प्रोजेक्ट त्यात होतात. पायथन ३ आलं ३ डिसेंबर २००८ ला. ते मुद्दामच पायथन २ शी न जुळणारं केलं होतं. 'प्रिंट'ला कंस लागायला लागले, हे सगळ्यांना दिसतं. कंस नसेल तर निदान एरर तरी येतो. खरा घोळ होतो तिथे एररच येत नाही.

समजा, तुम्हाला ६०० पैकी ४५० मार्क पडले. टक्के काढायला तुम्ही लिहिलं: ४५० भागिले ६००, गुणिले १००. पायथन ३ सांगेल ७५. पायथन २ सांगेल शून्य! कारण पूर्णांकाला पूर्णांकाने भागलं की पायथन २ दशांश टाकून देतं. ४५० भागिले ६०० म्हणजे तिथे शून्य, मग शंभराने गुणा नाहीतर हजाराने. लाल अक्षरं नाहीत, इशारा नाही, फक्त चुकीचं उत्तर.

हा बदल का केला, याचं एक कारण आपल्या भाषेशी जोडलेलं आहे. पायथन २ ला 'पलूस' या साध्या शब्दाची लांबी विचारली तर उत्तर यायचं १२, कारण ते अक्षरं न मोजता बाइट मोजायचं, आणि युटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या एकेका चिन्हाला तीन बाइट लागतात. पायथन ३ सांगतं ४: प, ल, दीर्घ उकार आणि स. मजकूर मुळातच युनिकोड मानायचा, असं पायथन ३ ने ठरवलं. म्हणजे ही मोडतोड मराठीत काम करणाऱ्यांच्या फायद्याचीच होती.

पण मोडतोड ती मोडतोडच. पायथन २ बंद करायची तारीख आधी २०१५ ठरली होती, ती पुढे ढकलून १ जानेवारी २०२० करावी लागली. पायथनचे जनक गिडो व्हॅन रॉसम तेव्हा ड्रॉपबॉक्समध्ये होते, तरी त्या कंपनीला आपला कोड नव्या आवृत्तीवर न्यायला तीन वर्षं लागली. जिथे भाषेचा निर्माता हाताशी होता, तिथे तीन वर्षं! आणि आपण एका रात्रीत जमलं नाही म्हणून स्वतःला ढ ठरवतो.

पायथन २ गेलं म्हणून प्रश्न संपला, असंही नाही. आता दर ऑक्टोबरला पायथन ३ ची नवी आवृत्ती येते आणि प्रत्येकीची पाच वर्षं काळजी घेतली जाते. म्हणजे तुमच्या तीन वर्षांच्या डिग्रीत तीन आवृत्त्या येऊन जातात. आपल्या भागातला लाडका फायनल इयर प्रोजेक्ट घ्या, द्राक्षाच्या पानाचा फोटो बघून रोग ओळखणारा. त्यासाठी हाताला लागणारा जुना कोड बऱ्याचदा टेन्सरफ्लो १ वर असतो. ते पायथन ३.७ च्या पुढे बसतच नाही. तुमच्या नव्याकोऱ्या लॅपटॉपवर ३.१२ असेल तर पानाचा रोग राहिला बाजूला, आधी इन्स्टॉलेशनच आजारी पडतं.

सिस्टीमचं पायथन तुमचं नाही

इथे सगळ्यात महागात पडणारी गोष्ट होते. उबंटू वापरणारा विद्यार्थी विचार करतो, 'मशीनवर चुकीची आवृत्ती आहे ना? मग ती उडवू आणि हवी ती टाकू.' हे करू नका! उबंटूमध्ये आधीपासून असलेलं पायथन तुमच्या प्रोजेक्टसाठी नसतं. ते ऑपरेटिंग सिस्टीम स्वतःसाठी वापरते. अपडेटची साधनं, सॉफ्टवेअर टाकायची साधनं, एवढंच काय, टर्मिनलची खिडकी उघडणारा छोटा प्रोग्रॅमसुद्धा पायथनमध्ये आहे. ते पायथन काढलं की त्याच्यासोबत डेस्कटॉपही जाऊ शकतो. ते न काढता 'पायथन ३' या नावाखाली दुसरीच आवृत्ती जोडून दिली, तर दुसऱ्या दिवशी टर्मिनलच उघडत नाही. मग फॉरमॅट मारा, सगळं नव्याने डाऊनलोड करा. दीड जीबी डेटावर दिवस काढणाऱ्याला हे किती पडतं, ते वेगळं सांगायला नको.

हे इतक्या वेळा घडलं की लिनक्सवाल्यांनी कुलूपच घातलं. जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून आणि त्याच सुमाराच्या उबंटूपासून, सिस्टीमच्या पायथनमध्ये पिपने काही टाकायला गेलं की मशीन नकार देतं: हे वातावरण दुसरं कुणीतरी सांभाळतंय. कुलूप तोडायचा पर्यायही ठेवलाय आणि त्याचं नावच आहे 'ब्रेक सिस्टीम पॅकेजेस'. सिस्टीम मोडा, असं नाव असलेला पर्याय लोक व्हिडिओत 'सोल्यूशन' म्हणून बिनधास्त सांगतात. रेड हॅटने तर २०१९ च्या आठव्या आवृत्तीत सिस्टीमसाठी वेगळं पायथन नेहमीच्या वाटेपासून बाजूला ठेवूनच दिलं. धडा एकच: सिस्टीमचं सिस्टीमला, आपलं आपल्याला.

पान्यांचे दोन संच

पलूसच्या एमआयडीसीत किंवा किर्लोस्करवाडीच्या रस्त्याला कुठल्याही गॅरेजात जा. मिस्त्रीकडे पान्यांचे दोन संच असतात, सुतातले आणि एमएमचे. चार सुती नटाला १३ चा पाना बसल्यासारखा वाटतो. जोर लावला की घसरतो आणि नटाचे कोपरे जातात. म्हणून मिस्त्री सुताचे पाने फेकून देत नाही आणि एकाच डब्यात कालवतही नाही. जुन्या पंपाला सुताचा, नव्या गाडीला एमएमचा. 'कुठला संच चांगला?' असं त्याला विचारा, तो तुमच्याकडे बघतच राहील.

पायथनमध्ये याचीच सोय २०१२ पासून, म्हणजे ३.३ आवृत्तीपासून आहे. तिचं नाव व्हेन्व्ह. प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये एका कमांडने वेगळी खोली बांधायची, चालू करायची आणि जे काही टाकायचं ते तिच्यातच टाकायचं. खोली चालू असली की टर्मिनलच्या ओळीच्या सुरुवातीला तिचं नाव कंसात दिसतं. काही बिघडलं तर तेवढं फोल्डर डिलीट करा, बाकीच्या मशीनला खरचटतही नाही. ॲडमिनचा पासवर्ड लागत नाही, त्यामुळे लॅबमध्येही जमतं. उबंटूवर मात्र व्हेन्व्हचं पॅकेज आधी एकदा वेगळं टाकून घ्यावं लागतं.

एक लक्षात ठेवा. व्हेन्व्ह लायब्रऱ्या वेगळ्या ठेवतं, पायथनची आवृत्ती आणून देत नाही. ती हवी असेल तर लिनक्सवर पायएन्व्ह किंवा कोंडा वापरा. विंडोजवर एकाहून जास्त पायथन शेजारी शेजारी टाकता येतात आणि 'पाय' या लाँचरला हवा तो आकडा सांगून ते चालवता येतं. आणि परीक्षेला जाताना ती खोली पेनड्राईव्हवर उचलून नेऊ नका. दुसऱ्या मशीनवर ती चालेलच, असं नाही. त्याऐवजी 'पिप फ्रीझ'ने बनणारी रिक्वायरमेंट्सची यादी न्या. त्यात प्रत्येक लायब्ररीचं नाव आणि आवृत्ती असते, त्यावरून तीच खोली कुठेही पुन्हा बांधता येते.

कॉलेजने काय करायचं?

'लॅबमधली मशीन जुनी आहेत, आम्ही काय करणार?' हे शिक्षकांचं म्हणणं खोटं नाही. जुन्या मशीनवर जुनीच आवृत्ती चालणार. 'कन्सेप्ट महत्त्वाचा, आवृत्ती नाही' हेही अर्धं खरं आहे. माझी तक्रार जुन्या आवृत्तीबद्दल नाहीच. ती जुनी आहे, हे न सांगण्याबद्दल आहे. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे धडे मराठीतही आहेत. त्यांच्या एका मालिकेचं नावच 'पायथन ३.४.३' आहे. आवृत्ती जुनी झालीये, पण नावातच लिहिलेली. शिकणाऱ्याला पहिल्या सेकंदाला कळतं, आपण कुठे उभे आहोत. प्रामाणिकपणा म्हणतात तो हाच.

काही जण म्हणतील, ऑनलाइन कोलॅब वापरा, भानगडच नको. नेट असेल तर जरूर वापरा. पण कोलॅबही स्वतःची आवृत्ती पुढे नेत राहतं. टेन्सरफ्लो १ ची सोय त्यांनीही काढून टाकली. भाड्याच्या खोलीत मालक कधीही फर्निचर हलवतो.

म्हणून मागण्या तीन आणि तिन्ही फुकट. जर्नलच्या प्रत्येक प्रॅक्टिकलवर तारखेखाली एक ओळ हवी: ऑपरेटिंग सिस्टीम कोणती, भाषेची आवृत्ती कोणती. 'हॅलो वर्ल्ड'च्या आधी पहिलं प्रॅक्टिकल हे वेगळी खोली बांधायचं हवं. आणि प्रोजेक्टच्या सबमिशनसोबत रिक्वायरमेंट्सची यादी सक्तीची हवी, म्हणजे पुढच्या बॅचच्या पोरांना तुमचा प्रोजेक्ट निदान चालवून तरी बघता येईल. यासाठी नवा लॅपटॉप लागत नाही, ग्रँट लागत नाही, विद्यापीठाचं परिपत्रक लागत नाही. एक तास लागतो.

कॉलेज करेल तेव्हा करेल. तुम्ही आजपासून एवढं करा. एरर आला की कोड पुसायच्या आधी आवृत्ती विचारा, तुमच्या मशीनची आणि व्हिडिओचीही. दोन्ही आकडे कागदावर शेजारी शेजारी लिहा. जुळत नसतील, तर वेगळी खोली बांधा. जुळत असतील, तर मग खुशाल कोडमधली चूक शोधा. तीही सापडेल. आणि पहिल्या वर्षाचं एखादं पोरगं लॅबच्या कोपऱ्यात लाल अक्षरांकडे बघत बसलेलं दिसलं, तर त्याला 'अभ्यास कर' म्हणू नका. त्याच्या शेजारी बसा आणि विचारा, 'व्हर्जन कुठलं आहे रे?'