घरगुती विज्ञान : मोटारीच्या दाराला आतून पडणारे तडे

मोटारगाडी घेताना आपण तिचा रंग पाहतो, यंत्राची शक्ती विचारतो, एका लिटरात ती किती धावते याची तर कसून चौकशी करतो. परंतु ज्याला रोज आपला हात लागतो, त्या दाराच्या आतील अस्तराची वास्तपुस्त सहसा कोणी करीत नाही. कारागीर त्यास 'डोअर पॅड' म्हणतात. काही उन्हाळे लोटले की त्यावर केसासारखी रेघ उमटते आणि 'गाडी जुनी झाली' असे म्हणून आपण काणाडोळा करतो. रेघेचा तडा होतो, तड्याची कड धारदार होते, आणि घरातील एखाद्या लहानग्याचे बोट तीत सापडते, तेव्हा कोठे घर जागे होते. म्हणून या खेपेस हाच विषय घेण्याचे आम्ही योजिले आहे.

कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी पद्मिनी मोटार अनेक वाचकांस आठवत असेल. तिच्या टॅक्सी २०२३ साली मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाल्या. त्या काळच्या गाड्यांत दाबीव भुश्याच्या फळीवर रेग्झीन ताणून हे अस्तर करीत. त्याचा वैरी पाणी. ओल लागली की फळी फुगे. आजचे अस्तर प्लॅस्टिकचे असते, आणि त्याचा मुख्य वैरी ऊन होय.

रेग्झीनसारख्या मऊ पृष्ठभागात पीव्हीसी नामक प्लॅस्टिक असेल, तर ते मऊ राहावे म्हणून त्यात एक मृदुकारक द्रव्य मिसळलेले असते. बंद गाडी उन्हात तापली म्हणजे हे द्रव्य हळूहळू उडून जाते. समोरच्या काचेवर आतून जो धुरकट थर बसतो, त्यात त्याचाही वाटा असतो. द्रव्य गेले की पृष्ठभाग आकसतो, ताठरतो व फाटतो. शिवाय समोरची काच दोन काचांमध्ये प्लॅस्टिकचा पडदा घालून केलेली असल्यामुळे सूर्याचे अतिनील किरण ती बहुतांशी अडविते. दाराची काच सामान्यतः एकेरी असते व त्यांतील बराच भाग आत येऊ देते. दाराची वरची कड आधी का तडकते, याचा उलगडा यावरून होईल.

दुसरे कारण म्हणजे जोर. हात टेकण्याच्या कठड्याला धरून दार धाडकन ओढणे, बुटाच्या टोकाने दार ढकलणे, आतले स्क्रू प्रमाणाबाहेर आवळणे, यांमुळे टणक प्लॅस्टिक कोपऱ्यांपासून व छिद्रांपासून चिरत जाते. पेट्रोल वा थिनरने डाग पुसणे हेही तितकेच घातक.

आता दुरुस्तीविषयी. सर्वांत मोठी चूक म्हणजे तडा दिसताच क्षणात चिकटणारा गोंद वरून ओतणे. असा गोंद काचेसारखा कडक व ठिसूळ होतो, दार दोनदा आपटले की सुटतो, आणि भेगेत जमलेला त्याचा थर पुढील दुरुस्तीच्या आड येतो. आधी प्लॅस्टिकची जात ओळखावी. अस्तर उतरविल्यावर त्याच्या पाठीवर बहुधा 'पीपी', 'एबीएस' अशी इंग्रजी आद्याक्षरे उठविलेली आढळतात. 'एबीएस'ला एपॉक्सी चांगले धरते. 'पीपी' म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. याला साधा गोंद धरीत नाही. त्यासाठी आधी लावावयाचा खास प्रायमर किंवा त्याच जातीच्या कांडीने उष्णतेचे सांधकाम लागते, आणि ते जाणत्याकडूनच करवावे.

'एबीएस'चा तडा असेल तर त्याच्या टोकाशी सुमारे २ मिलिमीटरचे छिद्र पाडावे, म्हणजे एका बिंदूवर येणारा ताण पसरतो व चीर पुढे धावत नाही. मग पाठीमागची बाजू साबणाच्या पाण्याने धुऊन, कोरडी करून, पॉलिश पेपरने खरखरीत करावी, आणि काचतंतूंच्या कापडाची पट्टी एपॉक्सीने बसवावी. बळकटी पाठीमागून यावी. पुढून केवळ रूप सुधारावे. नुसता वरचा मऊ पापुद्रा फाटला असेल, तर लवचिक राहणारे व्हिनाइलचे भरण पातळ थरांनी भरून वर रंग द्यावा.

अस्तर उतरविताना दोन गोष्टींचे भान हवे. त्यामागे पाणी अडविणारा प्लॅस्टिकचा पडदा असतो. तो फाटला तर पावसाळ्यात पाणी आत येते. तसेच काही गाड्यांत बाजूच्या धडकेची जाणीव घेणारी यंत्रणा दारातच असते. अशा दाराला घरी हात न लावता ते माहितगार कार्यशाळेकडे सोपवावे.

प्रतिबंध मात्र सर्वस्वी आपल्या हाती आहे. गाडी सावलीत उभी करावी. सावली नसेल तर तिच्यावर कापडी आच्छादन घालावे. तापलेली गाडी उघडताच दार ओढू नये, कारण तापून मऊ झालेला भाग लवकर वाकतो. ओलसर मऊ फडक्याने धूळ पुसावी. दार लावताना त्यासाठी केलेली मूठच धरावी, हे मुलांना पहिल्या दिवसापासून शिकवावे.

एका गोष्टीकडे एकत्र कुटुंबांनी विशेष लक्ष द्यावे. घरातील वृद्ध माणसे गाडीतून उतरताना दाराच्या कठड्यावर सगळा भार टाकतात. गुडघे साथ देत नाहीत, तेव्हा त्यांनी आणखी काय करावे? परंतु हात टेकावयाचा तो कठडा शरीराचा भार पेलण्यासाठी घडविलेला नसतो. त्यातून दार हलते. आतून तडकलेला कठडा ऐन वेळी निसटला, तर मोडलेले प्लॅस्टिक बदलता येते, आजीच्या खुब्याचे हाड तितक्या सहजतेने सांधत नाही. म्हणून 'दाराला धरू नका' असे वडीलधाऱ्यांना बजावण्यापेक्षा धाकट्यांनी आधी उतरावे, दार पूर्ण उघडून धरावे व आपला हात पुढे करावा. यात अस्तर टिकते हा लाभ लहान. वडील माणसे निर्धास्तपणे उतरतात, हा लाभ खरा.