मेक्सिकोला जा, पण आधी कुडा लेणी बघा!

मेक्सिकोच्या जंगलातल्या माया पिरॅमिडसमोरचे फोटो आले की आपण धडाधड लाइक ठोकतो. ठोका की! पण मंडळी, तळा तालुक्यातली कुडा लेणी आपल्यापैकी किती जणांनी पाहिलीत?

राजपुरी खाडीच्या वर, डोंगराच्या झाडीत २६ बौद्ध लेणी आहेत. भिंतींवर ब्राह्मी लेख. दान देणारे कोण? महाभोजांच्या घराण्यातले लोक आहेतच, पण सोबत एक माळी, एक वैद्य आणि कऱ्हाडचा लोखंडाचा व्यापारीसुद्धा! दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या खाडीवर माळ्याचं नाव दगडात कोरलं गेलं, आणि आपल्या पोरांना ते ठाऊक नाही. ही लाज कोणाची?

२०२५ मध्ये रायगड आणि खांदेरी युनेस्कोच्या यादीत गेले. अभिमान आहेच. पण वारसा म्हणजे फक्त बुरूज आणि तोफा नव्हे. आणि सगळं पुरातत्त्व खात्यावर ढकलून आपण मोकळे होणार का?

मागणी साधी आहे : प्रत्येक लेखाचा अर्थ मराठीत लावा, गावातलीच पोरं वाटाडे म्हणून तयार करा, तालुक्यातल्या शाळांची एक सहल इथे न्या. येत्या ग्रामसभेत विषय मांडा. नुसतं शेअर करून भागणार नाही.