समुद्रावर माकणीचाही हक्क आहे

धाराशिव जिल्ह्याच्या लोहारा तालुक्यातील माकणी या गावापासून पणजी चारशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. अंतर मोजण्याची ही झाली सरकारी रीत. रोजंदारीच्या हिशेबाने मोजू गेल्यास हेच अंतर कितीतरी वाढते; कारण शेतमजुराला प्रवासाच्या व मुक्कामाच्या खर्चात बुडालेली मजुरीही धरावी लागते. तरीदेखील वर्षअखेर जवळ आली की मराठवाड्यातील गावोगावचे तरुण वर्गणी काढून, प्रसंगी उसनवारी करून, भाड्याच्या गाडीत दाटीवाटीने बसतात आणि गोव्याची वाट धरतात. मागे राहिलेली वडीलधारी मंडळी नाक मुरडतात. 'दारू प्यायला निघाले' एवढ्या एका वाक्यात त्यांचा निकाल लागतो. खेदाची गोष्ट अशी की समाजवादाचा विचार सांगणारे अनेक कार्यकर्तेही याच वाक्याशी येऊन थांबतात.

या तिरस्कारात नीतीचा आव असला तरी न्यायाचा अंश थोडा आहे. माकणीजवळ तेरणा नदीवर निम्न तेरणा प्रकल्पाचा जलाशय आहे. त्या परिसरातील माणसाच्या जगण्यात पाणी म्हणजे पाळी, पाणी म्हणजे विजेचा पंप, पाणी म्हणजे कोरड्या वर्षी टँकरची वाट पाहणे. या भागात बाहेरच्या माणसांची रीघ लागली ती ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर. आणि ती ढिगारे उपसण्यासाठी, मदत वाटण्यासाठी, पाहणी करण्यासाठी. पाण्याकडे निव्वळ पाहत बसावे, त्यात पाय सोडावेत, होडीत बसून वाऱ्यावर जावे, ही कल्पनाच ज्यांच्या वाट्याला कधी आली नाही, त्यांच्या मुलांना समुद्राची ओढ वाटली तर त्यात लाजण्यासारखे काय आहे? ऊन तर माकणीलाही उदंड आहे. परंतु तेथील ऊन अंगावर घेऊन राबायचे असते. कळंगुटच्या किनाऱ्यावर तेच ऊन पैसे मोजून विकत घेता येते. दोन्हीकडच्या उन्हांत फरक सूर्याचा नाही, मालकीचा आहे.

सुट्टी ही मिळवलेली वस्तू

विश्रांती ही श्रीमंतांची चैन आहे, हा समज श्रमिकांच्या चळवळीने फार पूर्वीच खोडून काढला. सत्यशोधक विचारांचे नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना संघटित केले आणि १० जून १८९० रोजी रविवारच्या साप्ताहिक सुट्टीची मागणी पदरात पाडून घेतली. आज शनिवार-रविवार जोडून समुद्रकिनारा गाठणाऱ्या सुखवस्तू नोकरदारांपैकी कितीजणांना ठाऊक असते की आपला रविवार एका गिरणी कामगारांच्या पुढाऱ्याने झगडून मिळवला आहे?

फ्रान्समध्ये १९३६ च्या जून महिन्यात कारखान्याकारखान्यांतून संप झाले आणि लिऑन ब्लूम यांच्या लोकआघाडी सरकारने कामगारांना दोन आठवड्यांची भरपगारी रजा कायद्याने दिली. त्याच सरकारातील लिओ लाग्रांज यांनी सवलतीची रेल्वे तिकिटे काढली. त्या उन्हाळ्यात लाखो कामगार कुटुंबे सहलीला बाहेर पडली आणि त्यांतील कितीकांनी समुद्र आयुष्यात प्रथमच पाहिला. किनाऱ्यावरील धनिक वर्गाने तेव्हाही नाके मुरडली होती. 'घाणेरड्या टोप्यांचे लोक' आले, असा त्यांचा आक्षेप होता. म्हणजे आक्षेपाची भाषाही नवी नाही.

भारतात १९४८ च्या कारखाना कायद्याने, वर्षात २४० दिवस काम केलेल्या कामगाराला दर वीस दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा दिली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रमसंहितेने २४० दिवसांची अट १८० वर आणली. कागदावर ही सुधारणा आहे. परंतु ऊसतोडीच्या हंगामात मुकादमाच्या उचलीने बांधलेल्या जोडप्याचे दिवस कोण मोजतो? आज या वावरात तर उद्या त्या वावरात राबणाऱ्या बाईची हजेरी कोणत्या पुस्तकात मांडली जाते? ज्याच्या कामाची नोंद नाही त्याला रजा नाही, आणि ज्याला रजा नाही त्याला समुद्र नाही. गोव्याच्या सहलीचा प्रश्न नीतीच्या अंगाने पाहण्यापूर्वी तो या अंगाने पाहावा लागेल.

मुक्त झालेला किनारा

ज्या किनाऱ्याकडे हे तरुण जातात, त्याच्याशी समाजवादी चळवळीचे नाते रक्ताचे आहे. १८ जून १९४६ रोजी डॉ. राममनोहर लोहिया यांनी मडगावात पोर्तुगीजांची सभाबंदी मोडली. त्याच वर्षी ते पुन्हा गोव्यात शिरले तेव्हा त्यांना पकडून आग्वादच्या किल्ल्यात ठेवण्यात आले. १९५५ मध्ये सेनापती बापट आणि नानासाहेब गोरे यांच्या तुकडीने सत्याग्रहाला प्रारंभ केला. नानासाहेबांना दहा वर्षांची, तर मागाहून गेलेल्या मधु लिमये यांना बारा वर्षांची शिक्षा ठोठावण्यात आली. १९५७ मध्ये त्यांची सुटका झाली. १५ ऑगस्ट १९५५ रोजी सीमेवर निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि वीसहून अधिक जण धारातीर्थी पडले. पत्रादेवीला पडलेले कर्नैलसिंग पंजाबातून आले होते. समुद्र पाहण्यासाठी ते आले नव्हते. गोव्याचा किनारा गोव्याच्या जनतेचा व्हावा म्हणून आले होते.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. पुढे काय घडले? ज्या आग्वादला सत्याग्रही बंदिवान होते, त्याच किल्ल्याच्या समुद्राकडील तटबंदीवर १९७४ मध्ये पंचतारांकित हॉटेल उभे राहिले. १९८३ च्या नोव्हेंबरात राष्ट्रकुलातील राष्ट्रप्रमुखांना विश्रांतीसाठी गोव्यातच नेण्यात आले आणि जगाच्या बाजारात हा किनारा 'माल' म्हणून मांडला गेला. गोव्याच्या जनतेने हे निमूटपणे सोसले नाही, हे आवर्जून सांगितले पाहिजे. यांत्रिक ट्रॉलरांविरुद्ध रापणकार मच्छीमारांनी सत्तरच्या दशकात लढा दिला. १९८७ मध्ये 'जागृत गोंयकारांची फौज' या संघटनेने चार्टर विमानांतून येणाऱ्या परदेशी पर्यटकांसमोर निदर्शने केली. दोना पावलजवळच्या वायंगिणी किनाऱ्याची वाट एका पंचतारांकित हॉटेलाने अडवली, तेव्हा तो खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि जानेवारी २००९ मध्ये न्यायालयाने जनतेच्या बाजूने निकाल दिला. समुद्रकिनारा ही सरकारकडे असलेली जनतेची ठेव आहे, हे तत्त्व त्या निकालात स्पष्टपणे उच्चारले गेले. त्याच वर्षी राज्य सरकारने भूसंपादन कायद्यात दुरुस्ती करून त्या हॉटेलाचे बांधकाम वाचवण्याची तजवीज केली, हेही तितकेच स्पष्ट आहे.

जुगाराची कथा याहून बोलकी आहे. गोव्याच्या जुगारबंदी कायद्यात १९९२ मध्ये दुरुस्ती करून पंचतारांकित हॉटेलांत जुगाराच्या यंत्रांना आणि १९९६ मध्ये जहाजांवरील जुगाराला वाट मोकळी करून देण्यात आली. आज मांडवीच्या पात्रात ती जहाजे रात्रभर झगमगत असतात. १ फेब्रुवारी २०२० पासून मात्र खुद्द गोमंतकीयांना तेथे खेळण्यास मनाई आहे. याचा अर्थ उघड आहे. हा खेळ माणसाला बुडवतो, हे सरकारला मान्य आहे. फक्त बुडणारा माणूस बाहेरचा असावा, एवढीच त्याची अट आहे. माकणीहून उसने पैसे घेऊन गेलेला तरुण हा तो बाहेरचा माणूस. आपल्या घरातल्यांसाठी जे विष ठरते ते पाहुण्यापुढे मेजवानी म्हणून मांडायचे, याला आतिथ्य म्हणत नाहीत.

रात्र कोणाची?

पर्यटनाच्या जाहिरातीत रात्र दिसते ती दिव्यांची, संगीताची, नाचाची. त्या रात्रीला एक तळघरही असते. बार्देश तालुक्यातील हडफडे येथे ६ डिसेंबर २०२५ च्या मध्यरात्री एका नाइट क्लबला आग लागली आणि २५ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतील २० जण तेथील कर्मचारी होते. उत्तराखंड, झारखंड, आसाम, नेपाळ अशा दूरदूरच्या भागांतून ही मुले पोटासाठी आली होती. कितीकजण तळमजल्यावरील स्वयंपाकघराच्या बाजूला धुरात कोंडून गुदमरले. वाट अरुंद असल्यामुळे अग्निशामक बंब दूरच थांबवावे लागले. हे बांधकाम पाडण्याची नोटीस पंचायतीने दिली होती आणि वरिष्ठ कार्यालयाने तिला स्थगिती दिली होती, असे सरपंचांनीच नंतर सांगितले.

आगीनंतर चर्चा झाली ती गोव्याची प्रतिमा डागाळल्याची. मेलेल्यांच्या नोकरीचे कागद होते काय, त्यांच्या कामाचे तास किती होते, ते झोपत कोठे होते, हे प्रश्न मागे पडले. त्यांची गावे कोरडवाहू किंवा डोंगराळ मुलखातली. शेतीत भागत नाही म्हणून घर सोडलेली ही मुले. माकणीच्या तरुणात आणि त्यांच्यात अंतर आहे ते एका मुकादमाचे. मेजावर बसलेला आणि मेज पुसणारा हे दोघेही एकाच कोरड्या शिवारातून आलेले असू शकतात, ही जाणीव सहलीला जाणाऱ्याच्या मनात उत्पन्न करणे, हे कार्यकर्त्याचे पहिले काम आहे.

वाट कोणासाठी?

आता गोव्याकडे नवी वाट काढण्याचे घाटत आहे. वर्धा जिल्ह्यातील पवनार ते पत्रादेवी असा सुमारे आठशे किलोमीटरचा शक्तिपीठ महामार्ग आखण्यात आला. २४ जून २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाने भूसंपादन व आखणीसाठी २०,७८७ कोटी रुपयांच्या तरतुदीला मान्यता दिली, तेव्हाच्या आराखड्यात धाराशिव जिल्हाही होता. शेतकऱ्यांचा विरोध तीव्र झाल्यावर मार्गातील फेरबदलांच्या घोषणा झाल्या. मूळ प्रश्न मात्र तसाच आहे. भूदानाची हाक देणाऱ्या विनोबांच्या पवनारहून भूसंपादन निघते आणि सत्याग्रही जेथे पडले त्या पत्रादेवीला पोहोचते! ज्याची बागायत त्या रस्त्याखाली जाईल, त्याच्या नातवाला त्या रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला पाहुणा म्हणून जाता येईल, की कपबश्या धुण्यासाठी जावे लागेल? रस्त्याला विरोध करणाऱ्यांना विकासाचे शत्रू ठरवण्यापूर्वी सरकारने या प्रश्नाचे उत्तर द्यावे.

तेव्हा सहलीला जाणाऱ्या तरुणांना दोष देऊन कार्यकर्त्यांची सुटका होणार नाही. मागण्या स्पष्ट आहेत. ऊसतोड कामगार व शेतमजूर यांच्या कामाच्या दिवसांची नोंद व्हावी आणि तिच्या आधारे त्यांना भरपगारी रजा मिळावी. गोवा आणि कोकणच्या किनाऱ्यावर अल्प दरात राहता येईल अशी सार्वजनिक निवासस्थाने व्हावीत. किनाऱ्याची वाट कोणत्याही कुंपणाने अडवली जाऊ नये. हॉटेले व नाइट क्लब यांतील परप्रांतीय कामगारांची नोंदणी, निवास आणि सुरक्षितता यांची तपासणी व्हावी आणि तिचे अहवाल प्रसिद्ध व्हावेत. माकणीसारख्या गावातील मुलाला शालेय वयातच समुद्र दाखवावा, पोहायला शिकवावे, भरती-ओहोटी समजावून द्यावी. म्हणजे तो पुढे समुद्रावर जाईल तेव्हा बाटलीच्या आधाराने त्याला आपली भीती किंवा आपले परकेपण झाकावे लागणार नाही.

१९६७ च्या जनमत कौलात गोव्याने आपले वेगळेपण राखले, याचा मान ठेवून महाराष्ट्राच्या माणसाने तेथे पाहुणा म्हणून जावे. परंतु मिंधा किंवा मालक म्हणून जाऊ नये. सत्याग्रहींनी तो किनारा मुक्त केला तेव्हा तिकीट लावले नव्हते. माकणीचा शेतमजूर आपल्या बायकामुलांसह, बुडालेल्या मजुरीची चिंता न करता, एखाद्या संध्याकाळी त्या वाळूवर निवांत बसू शकेल, तेव्हाच गोवामुक्तीचे उरलेले काम पुरे झाले असे म्हणता येईल.