वर्गणी देणारीनं सातबाराही विचारावा

सॅन फ्रान्सिस्कोच्या एशियन आर्ट म्युझियमनं २०२५ मध्ये आपल्या संग्रहातल्या चार ब्राँझच्या मूर्ती थायलंडला परत करायचं ठरवलं. हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या या बौद्ध मूर्ती. थायलंडच्या बुरिराम प्रांतात प्लाय बाट नावाची टेकडी आहे, तिथल्या देवळाच्या आवारातून १९६० च्या दशकात लुटून नेलेल्या. आपल्याकडे या बातमीकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. जाणार तरी कसं? म्युझियम अमेरिकेतलं, मूर्ती थायलंडच्या, आपला काय संबंध?

मला मात्र ती बातमी सोडवेना. कारण हे म्युझियम सरकारनं काढलेलं नाही की कुणा धनाढ्यानं स्वतःच्या नावासाठी बांधलेलं नाही. त्याची सुरुवात झाली ती साध्या सभासद मंडळापासून. आणि मी गेली कित्येक वर्षं बचत गटांचं काम करते, त्यामुळे चार माणसं एकत्र येऊन, वर्गणी काढून काय करू शकतात आणि काय करायचं विसरतात, याचं मला भारी कुतूहल आहे.

गोष्ट अशी आहे. एव्हरी ब्रंडेज हा शिकागोचा बांधकाम व्यावसायिक. १९५२ ते १९७२ अशी वीस वर्षं तो आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचा अध्यक्ष होता. १९३६ साली लंडनमध्ये भरलेलं चिनी कलेचं मोठं प्रदर्शन त्यानं पाहिलं आणि या माणसाला आशियाई वस्तू जमवण्याचं वेडच लागलं. चीन, जपान, कोरिया, भारत, कंबोडिया, थायलंड, जिथून मिळेल तिथून त्यानं वस्तू घेतल्या. होता होता संग्रह इतका वाढला की तो कुठल्या तरी शहराला देऊन टाकावा असं त्याच्या मनात आलं.

हे कळल्यावर सॅन फ्रान्सिस्कोतली काही मंडळी १९५८ मध्ये एकत्र आली आणि त्यांनी ‘सोसायटी फॉर एशियन आर्ट’ स्थापन केली. हेतू एकच, हा संग्रह आपल्या गावात यावा. संस्थापकांमध्ये कॅथरिन काल्डवेल होत्या, मिल्स कॉलेजात आशियाई कला शिकवणाऱ्या. १९५९ मध्ये ब्रंडेज राजी झाला, पण अट घातली की वस्तू नीट ठेवायला चांगली जागा हवी. मग १९६० मध्ये शहरात मतदान झालं आणि लोकांनी त्यासाठी २७ लाख २५ हजार डॉलरच्या कर्जरोख्यांना मंजुरी दिली. मला यातलं हेच सगळ्यात आवडतं. कराच्या रूपानं ज्यांच्या खिशाला चाट बसणार होती, त्यांनीच हो म्हटलं! १९६६ मध्ये गोल्डन गेट पार्कमध्ये संग्रह लोकांसाठी खुला झाला. ब्रंडेजनं दिलेल्या वस्तू सुमारे ७,७०० भरतात. आज म्युझियमकडे १८ हजारांहून जास्त वस्तू आहेत आणि त्यांची मालकी शहराची आहे.

२००३ च्या मार्चमध्ये हे सगळं बिऱ्हाड शहराच्या मधोमध, जुन्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या इमारतीत हललं. पॅरिसमधल्या जुन्या रेल्वे स्टेशनाचं ऑर्से संग्रहालय करणाऱ्या गाए औलेंती या इटालियन बाईंनी तिचा आतून कायापालट केला. मूळचे कोरियाचे उद्योजक चोंग-मून ली यांनी या कामासाठी दीड कोटी डॉलर दिले. म्हणजे ज्यांच्या देशातून वस्तू आल्या, त्या देशांतून आलेली माणसं आता देणाऱ्यांच्या रांगेत उभी राहिली होती.

माझी बहीण त्याच परिसरात राहते. तिच्याकडे गेले असताना मी हे म्युझियम दोनदा पाहिलं. गेंड्याच्या आकाराचं एक चिनी भांडं तिथं आहे, तीन हजार वर्षांपूर्वीचं, इतकं गोजिरवाणं की लहान मुलं त्याच्यापुढून हलत नाहीत. इ. स. ३३८ मधली एक बुद्धमूर्ती आहे, तिच्यावर सालच कोरलेलं आहे. साल कोरलेली याहून जुनी चिनी बुद्धमूर्ती अजून मिळालेली नाही. पण मी वस्तूंपेक्षा माणसंच जास्त बघत होते. वस्तूंपाशी उभ्या राहून माहिती सांगणाऱ्या बायका कोण? कुणी निवृत्त शिक्षिका, कुणी मुलं मोठी होऊन घराबाहेर पडलेली गृहिणी. एकीलाही पगार नाही. बाकायदा अभ्यास करून, लेख लिहून, तोंडी परीक्षेसारखी चाचणी देऊन त्या या कामाला उभ्या राहतात.

सोसायटीचं रोजचं काम हेच, शिकणं आणि शिकवणं. म्युझियमचं सभासदत्व वेगळं, त्यावर या सोसायटीची वर्गणी वेगळी. आशियाई कलेवर त्यांची व्याख्यानमाला वर्षानुवर्षं चालू आहे, नामवंत अभ्यासक येऊन बोलतात. सहली निघतात, अभ्यासवर्ग होतात, ग्रंथालयाला मदत जाते. साठ-पासष्ट वर्षं एखादं मंडळ भांडणं होऊन फुटलं नाही, हेच मला मोठं वाटतं. आपल्याकडची महिला मंडळं आठवून बघा!

आता यातला काटा. ब्रंडेज हा माणूस म्हणून काही पूजनीय नव्हता. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकवर अमेरिकेनं बहिष्कार टाकू नये म्हणून त्यानं जिवाचं रान केलं, ज्यूंविषयीची त्याची मतं ओंगळ होती. त्याचा अर्धपुतळा म्युझियमच्या दर्शनी भागात होता. २०२० मध्ये अमेरिकेत वर्णद्वेषावरून मोठी चळवळ उसळली, तेव्हा म्युझियमनं तो हलवायचं ठरवलं. पुतळा हलवणं सोपं असतं हो. पण त्यानं आणलेल्या वस्तूंचं काय?

थायलंडच्या दोन प्राचीन देवळांच्या दरवाजांवरच्या कोरीव शिळा या संग्रहात होत्या. आपल्या जुन्या वाड्यांच्या दारावर गणेशपट्टी असते ना, तशाच, पण दगडी आणि प्रत्येकी साडेसहाशे किलोहून जास्त वजनाच्या. एकीवर यमराज आहेत. दहाव्या-अकराव्या शतकातल्या या शिळा परवान्याशिवाय देशाबाहेर नेणं थायलंडच्या कायद्यानं गुन्हा होता. तरीही त्या गेल्या, युरोपातल्या व्यापाऱ्यांकडे पोचल्या, तिथून ब्रंडेजनं घेतल्या आणि त्याच्याकडून त्या म्युझियमला मिळाल्या. इतक्या वजनाची शिळा कुणी पदराआड लपवून नेलेली नाही. देऊळ फोडून, ट्रकवर चढवून, जहाजात घालून नेली. या साखळीतल्या एकालाही हे कुठून आलं असं विचारावंसं वाटलं नाही?

विचारलं ते थायलंडच्या लोकांनी. तिथं ‘तीनशे मूर्ती’ अशा अर्थाचं नाव घेतलेला नागरिकांचा एक गट आहे. या मंडळींनी जुने फोटो आणि सरकारी नोंदी शोधून परदेशी म्युझियममधल्या वस्तूंशी ताडून पाहिल्या आणि आपल्या सरकारच्या मागे लकडा लावला. थायलंडनं अमेरिकेकडे मागणी केली, चौकशी सुरू झाली. म्युझियमनं शिळा संग्रहातून काढण्याची प्रक्रिया आपण सुरू केलीच आहे असं सांगितलं, तरी २०२० च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकी सरकारनं कोर्टात दावा लावला. अखेर २०२१ च्या मे महिन्यात शिळा बँकॉकला पोचल्या. प्लाय बाटच्या चार मूर्तींचा निर्णय त्यानंतरचा, आणि तो जास्त शहाणपणानं झाला. निर्णयाआधी त्या मूर्ती एका खास प्रदर्शनात मांडून त्या कशा आल्या याची हकीकत प्रेक्षकांना सांगितली गेली.

म्हणजे बघा, एका शहरातल्या लोकांच्या गटानं मागून मागून संग्रह आणला आणि दुसऱ्या देशातल्या लोकांच्या गटानं मागून मागून आपलं होतं ते परत नेलं. दोघांचंही त्या वस्तूंवर प्रेम होतं. सोसायटीच्या लोकांना मी चोर म्हणणार नाही, कुणी म्हणू नये. १९५८ मध्ये हे प्रश्न आजच्याइतके तीव्र नव्हते, सांस्कृतिक वस्तूंच्या चोरट्या व्यापाराविरुद्ध युनेस्कोचा करार झाला तोच मुळी १९७० मध्ये. पण आजच्या सभासदाला ही सबब चालणार नाही.

आमच्या बचत गटात एक गोष्ट पहिल्या महिन्यापासून शिकवावी लागते. जी वर्गणी देते तिला वही बघायचा हक्क असतो, आणि तिनं ती बघितलीच पाहिजे. बायका लाजतात. ‘ताई, अध्यक्षीणबाईंना कसं विचारायचं?’ म्हणतात. म्युझियमच्या सभासदांचंही असंच होत असावं असं मला वाटतं. चहापानाला बोलावतात, नव्या प्रदर्शनाचं उद्घाटन आपल्याला आधी बघायला मिळतं, क्युरेटर स्वतः हिंडवून आणतात. अशा प्रसन्न वातावरणात ‘ही मूर्ती कुठल्या देवळातली? बाहेर कधी आली? कागद कुठे आहेत?’ असं विचारणं म्हणजे लग्नघरात जाऊन हुंड्याची चौकशी करण्यासारखं. पण एक गुंठा जमीन घेताना आपण सातबारा बघतो, फेरफार बघतो, चार माणसांना विचारतो. मग हजार वर्षांच्या देवाच्या बाबतीत दुकानदाराचा शब्द पुरतो होय?

न विचारल्यानं काय होतं ते आपण भारतीयांनी पुरेपूर भोगलंय. तमिळनाडूत श्रीपुरंतन नावाचं खेडं आहे. तिथल्या देवळातला चोळकालीन ब्राँझ नटराज चोरीला गेला आणि ऑस्ट्रेलियाच्या नॅशनल गॅलरीनं तो २००८ मध्ये न्यूयॉर्कचा व्यापारी सुभाष कपूर याच्याकडून सुमारे ५० लाख अमेरिकी डॉलरना विकत घेतला. कागद होते, पण बनावट. पुदुच्चेरीच्या फ्रेंच संस्थेकडे त्या देवळातल्या मूर्तींचे जुने फोटो निघाले, त्यावरून ओळख पटली. २०१४ च्या सप्टेंबरमध्ये ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांनी तो दिल्लीत परत केला. कपूरला २०११ मध्ये जर्मनीत अटक झाली होती, २०२२ मध्ये कुंभकोणमच्या कोर्टानं त्याला दहा वर्षांची शिक्षा दिली. आणि या मूर्तींचा माग काढणाऱ्यांत आघाडीवर कोण? सिंगापूरला जहाज कंपनीत नोकरी करणारे एस. विजय कुमार आणि त्यांच्यासारखी हौशी माणसं. इंडिया प्राइड प्रोजेक्ट हा त्यांचा गट. नोकरी सांभाळून, पदरमोड करून, संगणकापुढे बसून फोटो जुळवत बसणारे.

मोठ्या म्युझियममध्ये आशियाई कलेसाठी असे सभासद गट पुष्कळ आहेत आणि काहींच्या वर्गणीतून नव्या वस्तूही विकत घेतल्या जातात. म्हणून म्हणते, वर्गणी थांबवू नका, पण तिच्याबरोबर दोन प्रश्नही पाठवा. वस्तूची मालकी कुणाकडून कुणाकडे गेली याची नोंद संकेतस्थळावर सगळ्यांना वाचता येते का? नवीन खरेदीच्या आधी मूळ देशाच्या पुरातत्त्व खात्याला विचारलं जातं का? सॅन फ्रान्सिस्कोत तर संग्रह शहराचा असल्यानं वस्तू काढून टाकायची तर शहराच्या आयोगासमोर विषय मांडून मत घ्यावं लागतं. जिथं असं उघड काम चालतं तिथं सभासदाच्या शब्दाला वजन येतं.

बे एरियात आपली मराठी माणसं काही कमी नाहीत. गणेशोत्सव, नाटकं, दिवाळी अंक, सगळं हौसेनं करतात, आणि करावंच. पण बहिणीच्या ओळखीतल्या वीसेक घरांत म्युझियमचं सभासदत्व घेतलेलं एकच निघालं! ‘आपल्याच मूर्ती, त्या बघायला पैसे कशाला द्यायचे?’ असं एक काकू म्हणाल्या. मला वाटतं, आपल्याच आहेत म्हणूनच आत जाऊन बसायला हवं. बाहेर उभं राहून टीका करणाऱ्याला कुणी वही दाखवत नाही.

आणि इकडे आपण? मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय लोकांच्या पुढाकारातूनच उभं राहिलं, १९२२ मध्ये खुलं झालं. तिथं चिनी आणि जपानी वस्तूंची सुंदर दालनं आहेत, सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा यांच्या संग्रहांतून आलेली. कितीजणींनी ती पाहिली आहेत? शाळेच्या सहलीत एकदा, बस. त्याचंही सभासद होता येतं, व्याख्यानं असतात. लोकल आणि टॅक्सीच्या खर्चात एक दुपार सुखाची जाते.

दुसरं काम घरबसल्या होण्यासारखं आहे. श्रीपुरंतनचा नटराज सापडला तो जुन्या फोटोमुळे. आपल्या माहेरच्या गावात, सासरच्या गावात देवळाबाहेर वीरगळ असतात, सतीशिळा असतात, शेंदूर फासलेली एखादी जुनी मूर्ती पिंपळाखाली असते. यातल्या किती मूर्तींचा फोटो आहे? बहुतेकींचा नसेल. उद्या त्यातली एखादी नाहीशी झाली तर पोलिसांना नेमकं काय वर्णन सांगणार? आता प्रत्येकीच्या हातात कॅमेऱ्याचा मोबाइल आहे. यंदा यात्रेला जाल तेव्हा देवाचं दर्शन झालं की आजूबाजूच्या प्रत्येक मूर्तीचा समोरून, बाजूनं आणि मागून फोटो काढा, शेजारी पट्टी किंवा निदान हात ठेवून, म्हणजे आकार कळेल. तारीख आणि गावाचं नाव लिहून ठेवा. त्याची एक प्रत ग्रामपंचायतीत द्या आणि पोच घ्यायला विसरू नका.