विश्लेषण : पावसाळी गर्दीचा भार मावळ पेलणार कसा?

पाऊस सुरू झाला की पिंपरी-चिंचवड, चाकण परिसरातील हजारो जण सुटीच्या दिवशी मावळ गाठतात. या गर्दीवर बंदी आदेश हाच उपाय आहे, की पर्यटकांची संख्या ठरवून द्यावी लागेल?

कुंडमळ्यात काय घडले?

१५ जून २०२५ रोजी, रविवारी दुपारी, तळेगाव दाभाडेजवळील कुंडमळा येथे इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल पर्यटकांची गर्दी असताना कोसळला. चौघांचा मृत्यू झाला, पन्नासहून अधिक जखमी झाले. पूल धोकादायक असल्याचा फलक तिथे होता. पण फलकाने गर्दी थांबली नाही. त्याआधी ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाजवळील धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले होते.

बंदी आदेश अपुरे का पडतात?

अशा दुर्घटनांनंतर धरणे, धबधब्यांच्या परिसरात प्रतिबंधात्मक आदेश निघतात. मात्र मावळात शिरण्याचे रस्ते अनेक आहेत. एक ठिकाण बंद झाले की गर्दी शेजारच्या गावात जाते. शिवाय बंदीचा फटका वडापाव, भजी, मक्याची कणसे विकणाऱ्या स्थानिकांनाही बसतो. बंदी नसेल तेव्हा कोंडी आणि कचरा गावांच्याच वाट्याला येतो.

शहराचा संबंध काय?

संबंध थेट नळाशी आहे. पवना धरणातून सोडलेले पाणी नदीवाटे रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत येते. तेथून महापालिका ते उचलते आणि शुद्ध करून पिंपरी-चिंचवडला पुरवते. त्याच धरणाच्या काठावर शनिवार-रविवारी तंबू पडतात. म्हणजेच तिथे टाकलेला कचरा आणि सांडपाणी हा केवळ मावळाचा प्रश्न नाही.

इतर ठिकाणी काय केले?

साताऱ्याच्या कास पठाराचा २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत समावेश झाला. तिथे फुलांच्या हंगामात ऑनलाइन नोंदणी आणि रोजची पर्यटकसंख्या ठरलेली असते. व्यवस्थापनात स्थानिक गावांच्या वनसमित्या सहभागी आहेत. तमिळनाडूत मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार ७ मे २०२४ पासून निलगिरी आणि कोडाईकनाल येथे जाणाऱ्या वाहनांना ई-पास सक्तीचा झाला. स्थानिकांच्या वाहनांना त्यातून सूट आहे. २०२५ मध्ये हंगामासाठी वाहनांची कमाल संख्याही ठरवण्यात आली.

मावळात हे शक्य आहे का?

कासइतके सोपे नाही. तिथे पठारावर जाण्याच्या वाटा मोजक्या आहेत, मावळात ठिकाणे विखुरलेली आहेत. त्यामुळे एकेका धबधब्यापुरती मर्यादा उपयोगाची नाही, ती तालुक्याच्या पातळीवर ठरवावी लागेल. रस्ते, वाहनतळ, पूल आणि स्वच्छतागृहे किती माणसांना पुरतात, याची मोजणी ही पहिली पायरी. पासच्या उत्पन्नातील ठरावीक वाटा ग्रामपंचायतींना मिळाला, तर सुरक्षारक्षक आणि सफाईचा खर्च निघेल. गावांनाही नियम पाळून घेण्यात रस राहील.

आता हे तातडीचे का?

जुलै २०२५ मध्ये मावळातील लोहगडासह १२ किल्ल्यांना जागतिक वारसा दर्जा मिळाला. त्यामुळे गर्दी वाढण्याचीच शक्यता आहे. कुंडमळ्यात धोका माहीत होता, फक्त पुलावर एका वेळी किती जण जातात हे मोजण्याची व्यवस्था नव्हती. ती उभी राहिली नाही, तर पुढच्या पावसाळ्यातही प्रशासनाच्या हाती बंदी आदेशच उरेल.